कालनिश्चित पुनर्प्राप्ती (डेटाबेस)

डेटाबेस बिघडल्यास किंवा त्यातील नोंदी चुकून बदलल्या गेल्यास तो मागील एखाद्या ठरावीक क्षणाच्या स्थितीत पुन्हा उभा करण्याची पद्धत. त्यासाठी एक पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरच्या प्रत्येक बदलाचा सलग लॉग लागतो. आधी बॅकअप रिस्टोअर करतात, मग लॉगमधील बदल हव्या त्या क्षणापर्यंत क्रमाने चढवतात. महसूल दप्तरातही अशीच रीत आहे : सातबारा चालू स्थिती सांगतो. पूर्वी जमीन कोणाच्या नावावर होती हे जुना उतारा आणि त्यापुढचे फेरफार लावून पाहावे लागते.

कार्यपद्धती : समजा, सांगलीतील एखाद्या पतसंस्थेचा बॅकअप रात्री १ वाजता झाला आणि दुपारी ३.१० वाजता अट न घालता दिलेल्या अपडेट आदेशाने सर्व ठेवींचा व्याजदर एकच झाला. अशा वेळी वेगळ्या सर्व्हरवर बॅकअप उतरवून ३.०९ पर्यंतचा लॉग चढवतात. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर असेल आणि भारतीय वेळेचा +०५:३० हा फरक लिहिला नाही, तर ३.०९ म्हणजे इथली रात्री ८.३९ धरली जाते व चुकीचा आदेशही चढतो. सतत अद्ययावत होणारी प्रतिकृती इथे कामाची नाही, कारण चूक तिच्यातही लगेच उतरते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ही सोय आवृत्ती ८.० पासून (२००५) आहे. तिथे नुसत्या डम्पवर (तार्किक बॅकअपवर) मात्र लॉग चढवता येत नाही. मायएसक्यूएलमध्ये कालनिश्चित पुनर्प्राप्ती बायनरी लॉगवर चालते.

मर्यादा : लॉगची एक फाइल गहाळ झाली की तिच्या पुढे जाता येत नाही. निवडलेल्या क्षणानंतरचे खरे व्यवहार व्हाउचरवरून पुन्हा भरावे लागतात. बॅकअप आणि लॉग त्याच इमारतीत ठेवणे धोक्याचे असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला. म्हणून दुसरी प्रत पूररेषेबाहेर आणि वेगळ्या भूकंपक्षेत्रात ठेवणे इष्ट. बॅकअप पूर्ण झाल्याच्या संदेशावर विसंबता येत नाही. ठरावीक मुदतीने प्रत्यक्ष रिस्टोअर करून खात्यांच्या शिलकांचा ताळा पाहावा लागतो.