जाणते आणि होतकरू

एकाच घरांत तीन पिढ्या नांदत असल्या म्हणजे कारभार कोणाच्या हातीं असावा, हा प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतोच. खेळाच्या संघासहि तो चुकलेला नाहीं. अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलचा इतिहास याच प्रश्नाभोंवतीं फिरतो. सॅन अँटोनिओच्या संघानें १९९७ सालीं ३२ वर्षांच्या डेव्हिड रॉबिन्सनच्या जोडीस २१ वर्षांचा टिम डंकन आणला, आणि १९९९ सालीं तो संघ अजिंक्य ठरला. परंतु या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जाण्याचें कारण नाहीं. आमच्या उपनगरांतून आगगाडीनें तासाभरांत गांठतां येणाऱ्या मैदानांवर तो पुनःपुन्हां सोडविला गेला आहे.

१९७१ चें उदाहरण प्रथम घेऊं. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट हे तरुणांचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्याच निर्णायक मतानें पतौडींच्या जागीं अजित वाडेकर कर्णधार झाले. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठीं निवडलेल्या संघांत २१ वर्षांचे सुनील गावसकर होते, आणि हिंदु जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या गृहस्थांचे चिरंजीव, २२ वर्षांचे एकनाथ सोलकर होते. त्यांच्याच सोबतीला ३० वर्षांचे दिलीप सरदेसाई आणि ३६ वर्षांचे सलीम दुराणी होते. सरदेसाईंचा काळ संपला, असें तेव्हां पुष्कळांस वाटत होतें; त्यांना घ्यावें, हा आग्रह नव्या कर्णधाराचा होता.

किंग्स्टनच्या पहिल्या कसोटींत भारताचे पांच गडी ७५ धांवांत बाद झाले. बोटाच्या दुखण्यामुळें गावसकर खेळतच नव्हते. अशा वेळीं सरदेसाई व सोलकर यांनीं १३७ धांवांची भागी केली. सरदेसाईंनीं २१२ धांवा काढल्या, आणि वेस्ट इंडीजला फॉलोऑन घ्यावा लागला. जाणता फलंदाज स्वतः किती धांवा काढतो, हें धांवफलक सांगतो; पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या पोराचा जीव तो किती शांत ठेवतो, हें मात्र कोठेंच लिहिलें जात नाहीं. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटींत सरदेसाईंनीं ११२ धांवा केल्या, दुराणींनीं दुसऱ्या डावांत लॉइड व सोबर्स यांस बाद केलें, आणि गावसकरांनीं ६५ व नाबाद ६७ धांवा करून विजय हातीं दिला. वेस्ट इंडीजविरुद्धचा भारताचा तो पहिला कसोटी विजय होय. मालिकेअखेर गावसकरांच्या ७७४ व सरदेसाईंच्या ६४२ धांवा झाल्या होत्या. यांतील एकास वगळून दुसऱ्याच्या बळावर ती मालिका जिंकतां आली असती काय?

त्याच मोसमांत वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर व अशोक मांकड हे पांचहि मुंबईकर परदेशीं असतां, सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें महाराष्ट्राचा पराभव करून रणजी करंडक राखला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळां तो करंडक मुंबईकडे राहिला. एवढी अखंड परंपरा केवळ निवड समितीच्या चातुर्यानें चालत नाहीं. १९४८ सालीं सुरू झालेल्या कांगा लीगमध्यें पावसाळ्याच्या ओल्या खेळपट्टीवर कसोटीवीर व शाळकरी मुलगा एकाच क्लबाकडून खेळूं शकत. नवा खेळाडू संघांत येई तो जुन्यांच्या बोलण्याची व बोलणीं खाण्याची संवय होऊनच.

२००८ पासून आय.पी.एल.मुळें खेळाडूंचा लिलाव होऊं लागला आणि प्रश्नाचें रूप पालटलें. थैली मर्यादित, नामवंतावर ती रिकामी केली तर होतकरूंस उरत नाहीं, आणि सारेच होतकरू घेतले तर कठीण प्रसंगीं धीर देणारा कोणी राहत नाहीं. २०१३ सालीं मुंबई इंडियन्सचे नेतृत्व ३८ वर्षांच्या रिकी पाँटिंग यांच्याकडे होतें. त्यांच्या धांवा होईनात, तेव्हां ते आपण होऊन संघाबाहेर बसले. बोरीवलीच्या शाळेंत क्रिकेटचे धडे गिरविलेल्या रोहित शर्मांनीं २४ एप्रिलला प्रथम नेतृत्व केलें, त्या दिवशीं संघांतील सचिन तेंडुलकरांस ४० वें वर्ष पुरें झालें. जसप्रीत बुमराहनें १९ व्या वर्षीं संघांत पाऊल टाकलें, तेंहि त्याच महिन्यांत. २६ मे रोजीं चेन्नईस २३ धांवांनीं हरवून या संघानें प्रथमच अजिंक्यपद मिळविलें.

डिसेंबर २०२३ मध्यें याच संघानें ३६ वर्षांच्या रोहित शर्मांकडून नेतृत्व काढून हार्दिक पांड्या यांस दिलें. २०२४ च्या स्पर्धेंत संघ दहांत दहावा आला. त्या अपयशाचें सारें खापर एका निर्णयावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. तरी जाणत्यानें स्वतः जागा करून देणें आणि त्याची जागा दुसऱ्यांनीं काढून घेणें, यांतील अंतर लहान नव्हे.

त्याच वर्षीं मार्चमध्यें वानखेडेवर रणजीची अंतिम झुंज झाली. विदर्भाविरुद्ध १९ वर्षांच्या मुशीर खाननें १३६ धांवा केल्या. अखेरचा एकच गडी उरला असतां कर्णधार अजिंक्य रहाणे यांनीं चेंडू दिला तो आपला शेवटचा सामना खेळणाऱ्या ३५ वर्षांच्या धवल कुलकर्णींच्या हातीं. त्यांनीं तो गडी टिपला आणि मुंबईनें ४२ व्या वेळीं करंडक जिंकला. ही केवळ निरोपाची भेट नव्हती. याच गोलंदाजानें पहिल्या डावांत १५ धांवांत तीन बळी घेऊन आपली जागा कमावली होती. जाणत्याला संघांत ठेवावें तें त्याच्या आजच्या उपयोगासाठीं, उपकाराच्या भावनेनें नव्हे. आणि होतकरूला घ्यावें तें त्याला शिकवावयास कोणी जवळ असतांना. हें ज्याला साधलें त्याला पिढ्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागत नाहीं.