मोसम आणि परतीचा वारा

बेटावर सहलीला जायचे तर कोणत्या महिन्यात जावे, हा प्रश्न आपल्याकडे अगदी अलीकडचा समजला जातो. विमानाची तिकिटे आवाक्यात आली, प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आणि मग अंदमान की लक्षद्वीप, दिवाळीत की मे महिन्यात, ही चर्चा महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये सुरू झाली, अशी आपली समजूत असते. या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर सोपे आहे आणि ते पुढे येईलच. प्रश्न मात्र फार जुना आहे. ज्या धाराशिव जिल्ह्यात समुद्रावरचा वाराही सह्याद्रीपलीकडे आपले बहुतेक पाणी सांडून येतो, त्या जिल्ह्याचा या प्रश्नाशी जवळजवळ दोन हजार वर्षांचा संबंध आहे. तो तपासताना एक गोष्ट लक्षात येते. समुद्रप्रवासाचा 'उत्तम काळ' ठरवताना माणसाने जाण्याचा जितका विचार केला, त्याहून अधिक परतण्याचा केला आहे.

आरंभ शब्दापासूनच करू. आंब्याचा मोसम, लग्नाचा मोसम, मोसमी वारे असे आपण सहज म्हणतो. 'मोसम' हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला. नेमलेली वेळ, ठरावीक काळ हा त्याचा अर्थ. अरबी दर्यावर्दींच्या तोंडी तो गलबते हाकारण्याच्या काळासाठी रूढ झाला, पोर्तुगीजांनी तो उचलला आणि युरोपीय भाषांतून फिरत तो 'मान्सून' होऊन आपल्याकडे परतला. एकाच शब्दाची ही दोन रूपे आपण शेजारी शेजारी वापरतो आणि दोन्हींचा समुद्राशी असलेला संबंध विसरून गेलो आहोत. शेतकऱ्याला मान्सून म्हणजे पाऊस. खलाशाला तो रस्ता होता, आणि वर्षातून ठरलेल्या दिवसांतच उघडणारा रस्ता होता.

तेरणाकाठचे तेर मराठी वाचकाला माहीत आहे ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून. प्राचीन ग्रंथांतले आणि लेखांतले 'तगर' नेमके कोठे, यावर अभ्यासकांत बराच काळ वाद होता. तगर म्हणजे तेर ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडली आणि ती मान्य झाली. या तगराचा उल्लेख 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रंथात येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तच्या व्यापाराशी परिचित असलेल्या कोणा अनाम लेखकाने ग्रीक भाषेत लिहिलेले हे समुद्रमार्गाचे टिपण आहे. बरुगाझापासून, म्हणजे आजच्या भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर, असे तो सांगतो. तगराहून साधे कापड, तलम कापडाचे नाना प्रकार आणि इतर माल गाड्यांतून, धड वाटा नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या नगरात मिळाली आहे. तेव्हा तगराच्या बाजारपेठेचे दुसरे टोक कोठपर्यंत पोहोचत होते, याची कल्पना करता येते.

याच ग्रंथात प्रवासाच्या काळाविषयी नेमकी सूचना आहे. भडोचकडे येणाऱ्या जहाजांनी इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे. तांबडा समुद्र ओलांडून बाहेर पडले की नैर्ऋत्येचा वारा शिडात भरतो आणि जहाज थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे येते. वाऱ्याचा कहर ओसरत असताना किनारा गाठायचा. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी परतीचा काळ देतो. हिंदुस्थानातून डिसेंबरच्या आरंभी, उशिरात उशिरा जानेवारीच्या मध्यापूर्वी, निघावे, म्हणजे त्याच वर्षात घरी पोहोचता येते. हा ईशान्येचा वारा, परतीचा. निघण्याची तारीख अशा रीतीने परतीच्या तारखेला बांधलेली होती. जुलैत निघायचे ते डिसेंबरात परत फिरता यावे म्हणून. हा मेळ चुकला, तर पुढचा वारा सुटेपर्यंत परक्या बंदरात महिनोन्‌महिने बसून राहावे लागे.

आता हा हिशेब तगराच्या बाजूने मांडून पाहावा. तगर ते भडोच हे तीस दिवसांचे अंतर. पावसाळ्यात मराठवाड्याच्या काळ्या मातीत भरलेली गाडी दहा पावलेही सरकत नाही, हे इथल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पाऊस ओसरून वाटा वाळायच्या त्या आश्विनात. जवळच्या तुळजापुरात आजही दसऱ्याचे सीमोल्लंघन थाटाने होते. सीमा ओलांडायला हाच मुहूर्त का, याचे एक उत्तर चिखलात आहे. दसऱ्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी जरी गाड्या निघाल्या, तरी कार्तिकाच्या अखेरीस त्या भडोचला पोहोचतात आणि मार्गशीर्षात निघणारे जहाज त्यांना सापडते. हा माझा अंदाज आहे. पण कापड विणणारा, गाडी हाकणारा आणि शीड उभारणारा अशा तिघांचे पंचांग एकाच वाऱ्याने लिहिले होते, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

या व्यापाराच्या वाटेवर उष्णकटिबंधातले एक बेटही होते. अरबी समुद्राच्या पश्चिम टोकाचे सोकोत्रा. 'पेरिप्लस'च्या लेखकाने त्याची नोंद केली आहे. वस्ती विरळ, उत्तर किनाऱ्यावर व्यापारासाठी आलेले अरब, हिंदी आणि ग्रीक लोक. भडोचकडून अधूनमधून येणारी जहाजे तिथे तांदूळ, गहू, हिंदी कापड आणि थोड्या दासी उतरवीत आणि बदल्यात कासवाची पाठ घेऊन जात. त्या मालाच्या यादीत कापडाशेजारी माणसेही आहेत, हे वाचताना थबकायला होते. या दासींनी काही परतीचा वारा पाहिला नसेल. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सोकोत्रावरील होक नावाच्या खोल गुहेत शेकडो कोरीव आणि रेखाटलेले लेख उजेडात आले. त्यांतले बहुसंख्य ब्राह्मी लिपीत आहेत, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले आहेत, आणि काहींत भडोचचा उल्लेख आहे. मजकूर म्हणाल तर मुख्यतः नावे. नैर्ऋत्येचा वारा जोरात असताना, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर, या बेटाला जहाज लावणे पूर्वी अशक्यप्राय असे. बेटावर आलेल्याला वारा फिरेपर्यंत थांबणे भाग होते. त्या मुक्कामात काही जण गुहेच्या अंधारात शिरले आणि आपले नाव लिहून गेले. आज किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्याला आपण दंड करतो, आणि तो केलाच पाहिजे. होकमधल्या नावांकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून पाहावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे एक विरोध जाणवेल. तगर ज्या सातवाहनांच्या मुलखात होते, त्यांच्यातल्या हाल राजाच्या नावाने 'गाथासप्तशती' ओळखली जाते. तिच्यातला पथिक पावसाळ्यापूर्वी घरी परतायच्या ओढीने चालतो, आणि ढग पाहून कासावीस होणारी त्याची बायको दारात उभी असते. 'मेघदूता'तल्या आषाढाचे सामर्थ्यही या संकेतावरच उभे आहे. ज्या दिवसांत सगळ्यांनी घरी असायचे, नेमका त्या दिवसांत यक्ष दूर आहे. आपली विरहाची सारी कविता अशी जमिनीवरच्या प्रवाशाची आहे. समुद्रावरच्या माणसाचे पंचांग याच्या उलटे. आषाढात इकडे वाटा बंद होत असताना तिकडे तांबड्या समुद्रात परदेशी शिडे उभारली जात होती. विरहिणीच्या डोळ्यांसमोरचा ढग आणि त्या शिडात भरलेला वारा एकच होता. हे चित्र आपल्या काव्यात जवळजवळ आलेले नाही, याचे कारण ते काव्य रचणारे बहुधा किनाऱ्यापासून दूर राहत होते.

पुढच्या काळात तगराचे वैभव ओसरले, पण नाव टिकले. कोकणात राज्य करणारे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत राहिले. बंदरे हाताशी असलेल्या राजांनी आपले मूळ देशावरच्या एका व्यापारी नगराशी जोडावे, ही साधी गोष्ट नव्हे. धर्मशास्त्राने मात्र द्विजांची समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत घातली, आणि चातुर्मासाने पावसाळ्यातला प्रवास तसाही अडवला होता. किनाऱ्यावरचे व्यवहारज्ञान यापेक्षा वेगळे होते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात घालतात. म्हणजे समुद्र केव्हा बंद आणि केव्हा खुला, हे सणानेच ठरवून दिले आहे. शिवछत्रपतींनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले ते २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, समुद्र शांत झाल्यावर. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे प्रकरण आहे, त्यातही पावसाळ्यात जहाजे कोठे लावावीत याचा विचार आहे.

या परंपरेत पहिला मोठा खंड पडतो तो अंदमानच्या बाबतीत. इंग्रजांनी तिथे १७८९ साली वसाहत केली आणि रोगराईमुळे १७९६ मध्ये ती गुंडाळली. १८५७च्या उठावानंतर कैद्यांसाठी जागा हवी म्हणून पुन्हा पाहणी झाली. पाहणी करणारी समिती बेटांवर गेली ती डिसेंबरात. १० मार्च १८५८ रोजी दोनशे कैद्यांची पहिली तुकडी उतरली. दोन्ही वेळा ऋतू उत्तम होता. पण पाहणी करणारे परतले आणि कैदी राहिले. पाऊस आला, ताप आला, आणि पहिल्याच वर्षात मृत्यूंचे प्रमाण भयंकर होते. विनायक दामोदर सावरकर अंदमानात उतरले ते ४ जुलै १९११ रोजी, ऐन पावसाळ्यात. दोन जन्मठेपांच्या हिशेबाने त्यांच्या सुटकेचे साल १९६० येत होते. पन्नास वर्षांसाठी जाणाऱ्याला जुलै काय आणि जानेवारी काय! 'काळे पाणी' या शब्दाचा धाक समुद्राच्या रंगात नव्हता. परतीचा वारा नाही, या जाणिवेत होता. १९२१ मध्ये त्यांना मुख्य भूमीवर आणले गेले आणि १९२७ मध्ये 'माझी जन्मठेप' प्रसिद्ध झाले, म्हणून मराठीत त्या बेटावरच्या वर्षांचे आतले वर्णन आले. जे परतले नाहीत त्यांची नोंद सरकारी दप्तरात राहिली.

याच बेटावर आज आपल्या जिल्ह्यातली कुटुंबे सहलीला जातात. आता ते व्यावहारिक उत्तर. अंदमानला दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो. नैर्ऋत्येचा पाऊस तिथे मेच्या तिसऱ्या आठवड्यातच, केरळच्या आधी पोहोचतो आणि सप्टेंबरपर्यंत राहतो. नंतर ईशान्येचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळे डिसेंबरपर्यंत अधूनमधून त्रास देतात. जानेवारी ते मार्च हे सर्वांत कोरडे आणि शांत महिने. एप्रिल उकाड्याचा, तरी चालण्यासारखा. लक्षद्वीपचाही भरवसा याच दिवसांचा. गंमत अशी की हे तीन महिने आपल्याला सोयीचे नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी आणि दहावीच्या परीक्षा, शेतात हरभऱ्याची आणि ज्वारीची काढणी, उसाच्या फडात तोड. मोकळीक मिळते ती दिवाळीत आणि मेमध्ये, म्हणजे एका वाऱ्याच्या शेपटीत किंवा दुसऱ्याच्या तोंडावर. मेमध्ये जायचे तर पहिल्या पंधरवड्यात जाऊन यावे. दिवाळीत जायचे तर मुख्य बेट सोडून लहान बेटांवर जाण्याचा दिवस सहलीच्या शेवटी ठेवू नये. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक बेटावर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, हजाराहून अधिक पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. तिकीट परतीचे होते, वारा नव्हता. भडोचच्या व्यापाऱ्याला ही अडचण तत्काळ समजली असती.

तेव्हा 'बेटावर जाण्याचा उत्तम काळ' हा प्रश्न ज्याला घर आहे आणि घरी जाण्याची मुभा आहे, त्याचा आहे. बेटावर राहणाऱ्याला असा काळ नसतो. त्याला बाराही महिने तिथेच काढायचे असतात. २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी ऐन पर्यटनाच्या दिवसांत आली, आणि तिचा सर्वांत मोठा घाव बसला तो निकोबारच्या रहिवाशांवर. सेल्युलर जेलच्या कोठडीपाशी उभे राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना कैद्यांच्या कथा सांगितल्या जातातच. त्यासोबत पहिल्या तुकडीची ती तारीखही सांगावी, १० मार्च १८५८. हवा छान होती, समुद्र शांत होता. आणि मे महिना अजून यायचा होता.