यीस्टपासून बनणारा नैसर्गिक रंग: विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी काय पाहावे?

ऱ्होडोटोरुला नावाचे यीस्ट लालसर-नारिंगी असते. साखर मिळाली की ते आंबवण्याच्या टाकीत वाढते आणि पेशींत रंग साठवते. ही साखर कारखान्याच्या मळीतून देता येते, तशी आपल्या रावेर-यावलकडच्या टाकाऊ केळ्यांतूनही. त्या रंगांतला एक म्हणजे बीटा-कॅरोटीन, गाजरातलाच. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. खाद्यरंग म्हणून त्याला आपल्याकडे परवानगी आहे; बिस्किटात किंवा सरबतात तो रंगापुरताच असतो, त्याची भीती नको.

प्रश्न आहे कॅप्सूलचा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त आढळला. त्यामुळे तुम्ही विडी-सिगारेट ओढत असाल किंवा पूर्वी ओढत होता, तर ‘नैसर्गिक’ लिहिलेली बाटली आधी डॉक्टरांना दाखवा. डोळ्यांसाठीच्या काही गोळ्यांतही बीटा-कॅरोटीन असते, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

गाजर, पपई, पालेभाज्या मात्र खुशाल खा. फारच गाजरे खाल्ली तर तळहात पिवळसर दिसतात. डोळे पांढरे असतील तर ती कावीळ नव्हे.