तारापूरहून वसईच्या कॉलेजात, साल १६७५

आधी खिसे रिकामे करा. मोबाईल, लोकलचा पास, कॉलेजचं ओळखपत्र, इअरफोन, सगळं बोईसरलाच राहू द्या. अंगात सुती सदरा, खाली आखूड विजार, पायात काही नाही. तुमचं वय आता तेरा. तुम्ही मुलगी असाल तर केस कापून मुलाचं सोंग घ्या, कारण आपण निघालोय त्या कॉलेजात मुलींना जागा नाही आणि ते कॉलेज असेतोवर ती होणारही नाही.

साल १६७५. पाऊस सरून थंडी लागली आहे. तारापूरच्या खाडीत पडाव उभा आहे. मागे वळून पाहिलंत तर अणुवीज केंद्र नाही, एमआयडीसीच्या चिमण्या नाहीत आणि आगगाडी यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षं आहेत. आहे तो तारापूरचा कोट, त्यावर पोर्तुगालच्या राजाचं निशाण आणि खाडीपलीकडे चिंचणीची माडांची रांग. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, अशेरी ही सगळी ठाणी ‘उत्तरेचा प्रांत’ म्हणून एकाच कारभारात मोडतात. त्या कारभाराची राजधानी वसई.

तुमचे वडील कोटातल्या कोठीवर भाताच्या गोणी मोजतात. मोजतात, पण लिहीत नाहीत. लिहिणारा दुसराच असतो, आणि त्याने काय लिहिलं ते वडिलांना वाचता येत नाही. म्हणून तुम्हाला वसईला धाडायचं ठरलं आहे. किनाऱ्यावर ते एवढंच सांगतात, “मामाचं ऐकत जा. आणि पाद्री विचारील तेव्हा खाली बघू नकोस.”

पडावात भात आहे, सुके बोंबील आहेत आणि एक कोळी तांडेल आहे, ज्याला तुमच्याशी बोलायला वेळ नाही. रात्री जमिनीवरचा वारा सुटतो तसं शीड भरतं. डावीकडे सातपाटी जाते, मग शिरगाव, माहीम, केळवे. अर्नाळ्याचं बेट मागे पडतं तेव्हा तुम्ही गोणीवर डोकं टेकून झोपलेले असता. जाग येते ती उल्हास नदीच्या मुखाशी. पाण्याच्या काठानेच दगडी तट उठलेला आहे आणि तटाच्या वर एकामागून एक इगर्ज्यांचे मनोरे.

दर्या दरवाज्यातून आत शिरा, पण रेंगाळू नका. रस्ते रुंद आहेत, घरं दुमजली आहेत, सज्जे झाकलेले आहेत. खिडक्यांना काच नाही, पातळ घासलेल्या कालवांच्या शिंपल्यांची तावदानं आहेत. त्यातून उजेड येतो तो दुधाळ. याच वर्षी जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मुंबईहून इथे येऊन गेला आणि त्याने ही तावदानं टिपून ठेवली. समोरून पालखी येते. आत पोर्तुगीज उमराव, बाहेर छत्री धरून चालणारा गुलाम. दोघांपैकी कोणीही तुमच्याकडे बघत नाही. भिंतीला लागून उभे राहा आणि पालखी जाऊ द्या.

आता समोर पाहा. उंच दर्शनी भिंत, दोन्ही बाजूंना खांबांच्या जोड्या, दारावर येशूच्या नावाची अक्षरं. ही ‘येशूच्या पवित्र नामा’ची इगर्जी, आणि तिला लागून असलेला चौक म्हणजे येशूसंघीयांचं, म्हणजे जेझुइटांचं, कॉलेज. वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांत, फ्रान्सिस झेवियर इकडे येऊन गेला त्या सुमारास, येशूसंघाने इथे बस्तान मांडलं. म्हणजे तुम्ही पाऊल ठेवताय त्या कॉलेजने सव्वाशे पावसाळे पाहिले आहेत.

फी विचारू नका. येशूसंघाच्या शाळेत शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. संघाला मिळालेल्या गावांच्या उत्पन्नावर कॉलेजं चालतात. तुमच्या वडिलांसारख्यांनी मोजलेला भातच फिरून इथे आलेला असतो. दारात मात्र एक नियम सांगितला जातो: तलवार, खंजीर, सुरी आत न्यायची नाही. तुमच्याकडे काहीच नाही. पण पुढे उभा असलेला उमरावाचा मुलगा कमरेची तलवार काढून नोकराकडे देतो आणि वर्गात शिरण्याआधी दोनदा मागे वळून पाहतो. हा नियम रोममध्ये १५९९ साली पक्का झालेल्या शिक्षणसंहितेतला. लिस्बन, गोवा, मकाव, जिथे जिथे येशूसंघाची शाळा तिथे तिथे हेच पुस्तक. तुम्ही तारापूरहून आलात, तरी तुमचा दिवस कसा जाणार ते आधीच लिहून ठेवलेलं आहे.

सकाळी मिस्सा, मग अडीच तास वर्ग, दुपारनंतर पुन्हा अडीच तास. आधी अक्षरं गिरवायची, मग लॅटिनचं व्याकरण. पुस्तक मानुएल आल्वारिश या येशूसंघीयाचं, लिस्बनमध्ये १५७२ साली पहिल्यांदा छापलेलं. तुमच्या हातात ते येत नाही. ते पाद्र्याच्या हातात असतं, तुमच्याकडे फक्त कान आणि पाठांतर. विभक्ती आधी सुरात म्हणायच्या, मग न अडखळता, मग मधूनच कुठूनही विचारल्या तरी. दहा मुलांमागे एक पुढारी. पाद्री येण्याआधी तो तुमचं पाठांतर ऐकून घेतो आणि कोणाचं काय चुकलं त्याची नोंद करतो. त्याच्याशी गोड बोलून उपयोग नाही.

एवढ्यात तुम्हाला कळतं की वर्गाचे दोन तट आहेत. एक रोमनांचा, एक कार्थेजवाल्यांचा. येशूसंघाच्या शाळांमधली ही जुनी युक्ती. प्रत्येकाचा पलीकडच्या तटात एक प्रतिस्पर्धी ठरलेला असतो. तुम्ही चुकलात की तो उठून दुरुस्त करतो आणि गुण त्याच्या तटाचे. तुमच्या वाट्याला कोण आला असेल? तोच, तलवार बाहेर ठेवून आलेला. तुम्ही अडखळता आणि तो उठतो. दुपारी तो अडखळतो, तुम्ही उठता, आणि वर्गात क्षणभर चुळबुळ होते. या चौकात, या पाच तासांत, त्याची चूक दाखवण्याचा हक्क तुम्हाला आहे. बाहेर तो नाही. म्हणून तुम्हाला लॅटिन आवडू लागतं.

मार? तो आहे, पण पाद्री स्वतः हात उचलत नाही. संहितेप्रमाणे त्यासाठी संघाबाहेरचा माणूस नेमतात. पाद्री नाव सांगतो आणि दुसरीकडे बघू लागतो. आठवड्यातून एकदा ख्रिस्ती तत्त्वांचं पाठांतर, महिन्यातून एकदा पापनिवेदन. सुट्टी? वरच्या वर्गाला वर्षाकाठी महिनाभर, खाली उतरत जाल तशी ती आटत जाते, आणि व्याकरणाच्या खालच्या वर्गांना उणापुरा एक आठवडा. तारापूरला जाऊन यायचं तर वारा अनुकूल हवा, आणि तुमच्यासाठी वारा कोण थांबवतोय! पावसाळ्यात तर पडावच किनाऱ्यावर ओढलेले असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत घराची वाट बंद.

दुपारी जेवणानंतर, कोणाचं लक्ष नसताना, आतल्या चौकाला एक फेरी मारा. शहरातला हा सगळ्यांत देखणा ओटा, असं वीस वर्षांनी येणारा इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी म्हणेल. तो बागेतही डोकावेल. आंब्या-फणसांच्या शेजारी युरोपातून आणून लावलेली अंजिरं आणि द्राक्षं पाहून त्याला नवल वाटेल. फ्रायरचं लक्ष ग्रंथालयाकडे गेलं: इतिहासाचे, नीतीचे आणि शास्त्रार्थाचे ग्रंथ. दार उघडं असेल तर आत डोकवा, पण हात लावू नका. एवढी पुस्तकं एका ठिकाणी तारापूरच्या माणसाने पाहिलेली नाहीत. तुम्हाला वडिलांची आठवण येते आणि राग येतो. नेमका कोणाचा, ते कळत नाही.

ओट्यावर मोठी मुलं एकाच्या नावाने बढाई मारत असतात. गोन्सालो गार्सिया. इथलाच. बाप पोर्तुगीज, आई वसईची. शंभर वर्षांपूर्वी तो याच पाद्र्यांच्या शाळेत शिकला, पंधराव्या वर्षी १५७२ साली त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा अशी शिकला की पुढे जपानच्या सत्ताधीशापुढे, हिदेयोशीपुढे, दुभाषा म्हणून उभा राहिला. नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याला क्रुसावर चढवलं. रोमने १६२७ मध्ये त्याला धन्य ठरवलं. मुलं हे सगळं सांगतात, पण एक गोष्ट गाळतात. ज्या येशूसंघाने त्याला शिकवलं, जपानला नेलं, वर्षानुवर्षं धर्मप्रचाराच्या कामात वापरलं, त्या संघात प्रवेश मिळण्याची त्याची इच्छा काही पुरी झाली नाही. तो व्यापारात पडला, मग मनिलाला फ्रान्सिस्कनांकडे गेला आणि तिथे साधा ब्रदर झाला. ज्या विद्यार्थ्याचा कॉलेज अभिमान मिरवतं, त्याला आत घेतलं ते दुसऱ्यांनी.

संध्याकाळची घंटा होते. वसईच्या कोटाचा एक कायदा फ्रायरने लिहून ठेवला आहे: रात्री तटाच्या आत राहायचं ते ख्रिस्तींनीच. दिवसभर कापड विकणारे, उधार देणारे, हिशेब ठेवणारे वाणी अंधार पडायच्या आत बाहेर निघतात. तुम्ही ख्रिस्ती आहात, कायदा तुम्हाला लागू नाही. पण आत राहायला घर लागतं, आणि घरं उमरावांची आहेत. वाण्यांच्या मागोमाग तुम्हीही जमिनीकडच्या दरवाज्यातून बाहेर पडता आणि केळीच्या बागांमधून पापडीला मामाच्या घराची वाट धरता.

मामी पेज वाढते, सोबत भाजलेला बोंबील. मामाला लॅटिन ऐकायचं असतं. तुम्ही विभक्ती म्हणून दाखवता, तो खूश होतो आणि विचारतो, “याचा अर्थ काय रे?” तुम्ही गप्प. वर्गात अजून तिथवर आलेलं नाही. मग कोणीतरी क्रिस्तपुराणातल्या ओव्या म्हणू लागतं. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने रचलेलं हे मराठी काव्य १६१६ मध्ये छापलं गेलं. ओव्या दहा हजारांवर. त्या कळायला पाद्र्याची गरज लागत नाही. दिवसभरात पहिल्यांदाच तुम्हाला सगळं समजतं.

निजायच्या आधी मामा गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. १६७४ साली मस्कतचे सहाशे अरब किनाऱ्यावर उतरले. तटाबाहेरच्या इगर्ज्या त्यांनी एकूण एक लुटल्या, माणसांचे हाल केले. कोटात शिबंदी होती, तोफा होत्या. दरवाजे बंद करून सगळे आत बसून राहिले. त्याच वर्षी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि कल्याणात येऊन बसलेले त्यांचे पेशवे मोरोपंत वसईकरांकडून चौथाई मागू लागले. मामा सांगताना कोणाची बाजू घेत नाही. “तट त्यांचा, आपण बाहेरचे,” एवढंच म्हणतो आणि दिवा मालवतो.

आता परत निघा. वाटेत १७३९ लागेल. जानेवारीत तारापूरचा कोट मराठ्यांनी घेतला. मे महिन्यात, चिमाजी आप्पांच्या वेढ्यापुढे, वसईने हात टेकले. पोर्तुगीज आपलं चीजवस्त घेऊन जहाजांवर चढले, त्यांच्याबरोबर पाद्रीही गेले आणि जवळपास १९० वर्षांचं कॉलेज मिटलं. बाहेरची माणसं मात्र गेली नाहीत. पापडी, गास, निर्मळ, आगाशी, सगळी गावं जागच्या जागी राहिली. भाषा राहिली, धर्म राहिला, केळीच्या बागा राहिल्या. गोन्सालो गार्सियाला रोमने १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर केलं, तेव्हा त्याचा सण करायला वसईत होते ते याच तटाबाहेरच्यांचे वंशज.

आज कॉलेजच्या इगर्जीची दर्शनी भिंत किल्ल्यात उभी आहे, दारावरच्या अक्षरांसकट. थोड्या अंतरावर, वसई गावात, संत गोन्सालो गार्सियाच्या नावाचं एक कॉलेज भरतं. त्यात मुली शिकतात, वाण्यांची मुलं शिकतात, कोळ्यांची शिकतात, आणि संध्याकाळी कोणालाही धर्म विचारून बाहेर काढत नाहीत. हे बदलायला तीनशे वर्षं लागली, म्हणून ते साधं समजू नये.

तट मात्र दरवेळी दगडाचाच असतो असं नाही. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली, तरी वसई-मुंबईचं कॉलेज गाठायला तारापूर-चिंचणीच्या मुलाला पहाटे घर सोडावं लागतं, आणि जवळ राहायचं तर खोलीचं भाडं बापाच्या पगाराला झेपत नाही. आपल्या भागातल्या कुठल्याही कॉलेजची थोरवी ऐकाल तेव्हा ग्रंथालय जरूर पाहा. पण त्याआधी एक विचारा: शेवटचा तास झाल्यावर इथली मुलं राहतात कुठे? वसतिगृहाचं उत्तर मिळालं नाही, तर ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.