‘मोतीबिंदू पिकू द्या’ : एका सल्ल्याचा इतिहास

१/ येरमाळा असो वा धाराशिव जिल्ह्यातील अन्य गाव, ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ म्हणून वृद्धांचे ऑपरेशन लांबते. या सल्ल्याचे मूळ जुन्या शस्त्रक्रियेत आहे.

२/ सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवर शलाकेने करावयाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. त्या पद्धतीत गढूळ भिंग डोळ्यातच बाजूला सारले जाई. १७४७ मध्ये फ्रान्सच्या झाक दाव्हिएल यांनी ते बाहेर काढले. परंतु कच्च्या मोतीबिंदूचे चिकट अंश आत राहत. पिकलेला सहज सुटून येई. तेव्हा थांबणे शहाणपणाचेच होते.

३/ भिंग काढल्यावर सोडावॉटरच्या बाटलीसारखा जाड चष्मा लागे. त्यातून वस्तू सुमारे पाव पट मोठ्या दिसत, पायरीचा अंदाज चुके. एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले असल्यास दोन्ही डोळ्यांतील प्रतिमा जुळत नसत. थोडेफार दिसत असताना हा चष्मा कोण पत्करणार?

४/ १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी कृत्रिम भिंग बसवले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले ॲक्रिलिकचे तुकडे डोळ्यांनी सोसले होते. त्यावरून ही कल्पना सुचली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ दरम्यान महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला, आणि कृत्रिम भिंग सरकारी शस्त्रक्रियेतही रुळले.

५/ आता पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. उलट अतिपक्व मोतीबिंदू काढणे अवघड जाते. क्वचित डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाते. आजीला एसटीची पाटी धूसर दिसू लागली, की डोळे तपासण्याची वेळ झाली.