चार जिल्ह्यांची बंदी

१९५७च्या रोम कराराने सहा देशांतल्या कामगारांना एकमेकांच्या देशात काम करण्याची मोकळीक दिली; सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी ती रोखण्याची मुभा मात्र सरकारांकडेच राहिली. ही मुभा किती ताणायची, हा प्रश्न रुतिली खटल्याने धसास लावला. फ्रान्समधल्या रुतिली या इटालियन कामगार कार्यकर्त्याला १९७० साली वास्तव्याचा परवाना मिळाला, तो चार जिल्ह्यांत वास्तव्य न करण्याच्या अटीवर. त्यांतल्याच मोझेलमध्ये त्याचं कुटुंब राहत होतं. ऑक्टोबर १९७५मध्ये युरोपीय न्यायालयाने बजावलं: धोका खरा आणि पुरेसा गंभीर हवा, राज्याच्या सुरक्षेला बाधा येत नसेल, तर कारणं संबंधिताला कळवायला हवीत, आणि देशाच्या एका भागापुरती बंदी स्वतःच्या नागरिकावर घालता येत नसेल, तर ती परक्यावरही नको.

सुरक्षेतलं न्यायाधीशांना काय कळतं, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. १९७४मध्ये याच न्यायालयाने सरकारचा निर्णय उचलून धरत सायंटॉलॉजी पंथात नोकरीसाठी ब्रिटनमध्ये येऊ पाहणाऱ्या डच तरुणीला प्रवेश नाकारणं मान्य केलं होतं, आणि तेही ब्रिटिश नागरिकांना त्या पंथात नोकरीची मनाई नसताना. पण बंदी धोक्याच्या प्रमाणातच हवी, हे प्रमाणशीरतेचं तत्त्व सरकारचा अधिकार काढून घेत नाही, त्याचा हिशेब मागतं. कारण द्यावं लागलं, की गैरसोयीच्या माणसाला धोकादायक ठरवणं तितकं सोपं राहत नाही.