आगगाडीतील पंगत

बदलीचा हुकूम हाती पडला की आमच्यासारख्या नोकरदारांच्या घरी दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मुलांच्या शाळेचे काय करावयाचे, हा पहिला. आणि गाडीत खावयास काय न्यावयाचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कचेरीतील एखाद्या रेंगाळलेल्या कागदासारखे महिनोन् महिने लांबते. दुसऱ्याचे मात्र घरातील बायका एका संध्याकाळी देऊन मोकळ्या होतात. दशम्या, तिळाची चटणी, थोडे लाडू, आणि भुसावळला केळी घ्यावयाची, अशी आठवण. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींचे निम्मे आयुष्य जणू या शिदोरीच्या हिशेबातच जाते.

रेल्वेचा इतिहास बहुधा इंजिने, पूल आणि बोगदे यांच्या अंगाने लिहिला जातो. त्या गाडीत बसलेली माणसे काय खात होती, कोणाच्या हातचे खात होती आणि कोणाच्या शेजारी बसून खात होती, हे इतिहासकार सहसा विचारीत नाहीत. आमच्या मते हा प्रश्न किरकोळ नव्हे. ज्या समाजात अन्नपाण्यावरून माणसाची पायरी ठरे, त्या समाजात आगगाडीने माणसांना एका बाकावर आणून बसविले. पण एका ताटाशी आणावयास तिला शंभर वर्षे लागली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हा जेवणाचा प्रश्न नव्हता. एकवीस मैलांच्या प्रवासाला तासाभराचा अवधी. त्यात भूक कसली लागणार? पुढे १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट रुळांखाली आला, आणि १८७० साली जबलपूर येथे मुंबईकडचे व कलकत्त्याकडचे रूळ एकमेकांस भिडले. आता माणूस दिवसच्या दिवस गाडीत राहू लागला. कंपन्यांनी प्रथम साहेबलोकांची सोय पाहिली. मोठ्या स्थानकांवर उपाहारगृहे निघाली. पूर्वेकडे केलनर, मुंबईच्या बाजूस ब्रॅंडन, दक्षिणेत स्पेन्सर अशा व्यापारी पेढ्यांकडे त्यांचा मक्ता असे. गार्डाने उतारूंना विचारून किती पाने लागतील ते पुढच्या स्थानकास तारेने कळवावयाचे, गाडी पोचताच साहेबांनी उतरून टेबलाशी बसावयाचे आणि घंटा होण्यापूर्वी जेवण आटोपावयाचे, असा क्रम होता. कढत सूप एकीकडे आणि सुटण्याची घंटा दुसरीकडे, अशा ओढाताणीत अनेकांचे जेवण अर्धवट राहत असले पाहिजे.

यावर उपाय म्हणून भोजनाचा डबा आला. अमेरिकेत पुलमन याने १८६८ साली असा डबा चालू केला. इंग्लंडमध्ये १ नोव्हेंबर १८७९ रोजी लीड्स ते लंडन या मार्गावर, धावत्या गाडीत स्वयंपाक करून वाढण्याची सोय झाली. विसावे शतक उजाडल्यावर हिंदुस्थानातील मेलगाड्यांनाही असे डबे दिसू लागले. १९१२ साली निघालेल्या पंजाब मेलला उपाहाराचा डबा होता. १९२८ साली मुंबईहून पेशावरला जाऊ लागलेल्या फ्रंटियर मेलच्या भोजनाची कीर्ती तर आजही सांगितली जाते. ‘रेल्वे मटण करी’ची कथा याच गाडीशी जोडतात. साहेबास तिखट सोसेना म्हणून खानसाम्याने रस्सा सौम्य केला, असे सांगतात. ती दंतकथा मानून सोडून द्यावी. पण ती रुचकर आहे यात शंका नाही.

या डब्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. अर्ध्या भागात कोळशाची चूल, बर्फाची पेटी, पाण्याची टाकी आणि भांड्यांच्या फळ्या. उरलेल्या भागात पांढऱ्या चादरी घातलेली टेबले. हलत्या गाडीत, अंगावर ठिणग्या झेलीत, सूप, मासा, भाजलेली कोंबडी आणि शेवटी कॅरमेल कस्टर्ड असा थाट उभा करणारा खानसामा हा खरा कारागीर. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी आपल्या गाड्यांच्या एका डब्यातून दुसऱ्यात जाण्यास आतून वाट नव्हती. जेवावयाचे असेल तर एका स्थानकावर आपल्या डब्यातून उतरून फलाटावरून चालत भोजनाच्या डब्यात शिरावयाचे, आणि पुढचे स्थानक येईपर्यंत तेथेच बसावयाचे. म्हणजे जेवणाची वेळ भुकेवर नव्हे, तर वेळापत्रकावर ठरे.

हे सारे वरच्या वर्गाचे. तिसऱ्या वर्गात कोंबलेल्या बहुसंख्य जनतेची पंगत निराळी होती. आपल्याकडे प्रवासाला दशमीच का नेतात, याचे कारण पुष्कळ तरुण गृहिणींना आज ठाऊक नसेल. दशमीचे पीठ पाण्यात नव्हे, दुधात भिजवितात. पाण्यात भिजविलेले अन्न ओवळ्याने विटाळते, दुधातले विटाळत नाही, अशी समजूत होती. अर्थात दशमी हे केवळ टिकाऊ खाद्य नव्हते. परक्यांच्या गर्दीत आपली जात शाबूत ठेवण्याचे ते एक साधन होते. आजीच्या हातच्या दशमीचा गोडवा आम्हीही गातो. परंतु त्या गोडव्यात हेही पीठ मळलेले आहे, हे विसरू नये.

त्या काळचे वातावरण समजण्यास पुण्यातील एक प्रसंग पुरे आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्यावरून एवढे ग्रामण्य माजले की न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेला चहाने जेथे ही गत, तेथे खानसाम्याच्या हातचे जेवण घेणाऱ्या गृहस्थाविषयी घरी काय बोलले जात असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. रेल्वेनेही या समजुतींशी तडजोड केली. स्थानकावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ निराळे. पाणी पाजणारे ‘पाणी पांडे’ जातीने ब्राह्मण. पुढे चहाचा प्रसार झाला तेव्हा चहाही ‘हिंदू’ आणि ‘मुसलमान’ झाला. एकाच मळ्यातील पाने, एकाच नळाचे पाणी. पण किटली मात्र धर्माप्रमाणे वेगळी!

आणि ज्यांना यांपैकी कोणाचेच पाणी मिळत नव्हते, त्यांचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीचा १९०१ सालचा प्रवास लिहून ठेवला आहे. साताऱ्याहून भावंडांसह ते वडिलांच्या नोकरीच्या गावी, गोरेगावला, निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर ही मुले महार आहेत असे कळताच स्टेशनमास्तर पावले मागे सरला. पुढे बैलगाडीच्या वाटेवर रात्र झाली. बरोबर अन्नाचा भरलेला डबा होता; परंतु प्यावयास पाणी कोणी देईना, आणि पाण्यावाचून घास उतरेना. मुले उपाशीच निजली. आगगाडीच्या भोजनाचा इतिहास सांगताना झगमगत्या टेबलांइतकाच तो भरलेला डबाही सांगितला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१९१७ साली महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाने मुंबई ते मद्रास असा प्रवास केला. तिकिटास तेरा रुपये नऊ आणे पडले. डब्यातील घाणीइतकेच तेथील चहाचेही त्यांनी वर्णन केले आहे. त्या गढूळ द्रवाच्या रूपाची ग्वाही आपण देऊ शकतो, चवीबद्दल मात्र सहप्रवाशांचा शब्द प्रमाण मानतो, अशा आशयाची त्यांची मार्मिक टीका आहे. उतारूंच्या पैशांवर गाड्या चालतात आणि त्यांनाच माणसासारखे खावयास मिळत नाही, ही त्यांची तक्रार पुढे तीस-पस्तीस वर्षे तशीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. १९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व पाणवठे यांत जातिधर्मावरून मज्जाव करण्यास बंदी केली. सतराव्याने अस्पृश्यताच नाहीशी केली. रेल्वेच्या खानपान व्यवस्थेची पाहणी करण्यासाठी १९५४ साली अळगेशन समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून १९५५ पासून रेल्वेने स्वतःच्या खात्यामार्फत भोजन पुरविण्यास आरंभ केला. अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा ठरविणारा कायदाही त्याच १९५५ सालचा. हे दोन निर्णय निरनिराळ्या कचेऱ्यांतून निघाले; पण गाडीतील टेबलाशी ते एकत्र आले.

याचा दाखला आमच्या घरातच आहे. आमचे आजोबा त्या सुमारास दिल्लीच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. १९५८ साली रजेवरून परतताना गडबडीत शिदोरीचा डबा घरीच राहिला. निरुपाय म्हणून ते आयुष्यात प्रथमच भोजनाच्या डब्यात गेले. रिकामी जागा एकच होती, आणि समोर बसले होते त्यांच्याच शाखेतील एक सहकारी, सातारा जिल्ह्यातले, पूर्वास्पृश्य समाजातले. दोन वर्षे दोघांची टेबले शेजारी होती. टिपणे एकमेकांच्या हातून जात. पण दुपारचा डबा दोघे कधी एकत्र उघडत नसत. वाढप्याने एकाच तांब्यातून दोघांच्या पेल्यांत पाणी ओतले. आजोबा सांगत, “भात काय होता, भाजी काय होती, काही आठवत नाही. तो पेला उचलायला मला जो वेळ लागला, तो मात्र आठवतो. आणि तो त्यांनी पाहिला, हेही आठवते.”

पुढच्या वर्षी आजीने दशम्या बांधल्या, तेव्हा आजोबांनी दोघांपुरत्या बांधावयास सांगितले. कोणासाठी, असे आजीने विचारले. आजोबांनी नाव सांगितले. आजी क्षणभर थांबली आणि तिने आणखी पीठ घेतले. एवढीच ती गोष्ट. यात मोठा पराक्रम नाही. लाजेची कबुली मात्र आहे, आणि आमच्या आजोबांनी ती नातवंडांपासून लपविली नाही.

भोजनाच्या डब्याचे दिवस त्यानंतर फार उरले नाहीत. १९५६ साली दिल्ली-हावडा मार्गावर संपूर्ण वातानुकूलित, आतून जोडलेल्या डब्यांची गाडी धावली. अशा गाड्या वाढल्या तसे उतारूंनी जेवणाकडे जाण्याऐवजी जेवणच उतारूंकडे येऊ लागले. मार्च १९६९ मध्ये राजधानी एक्सप्रेस सुरू झाली आणि भोजनाचा आकार तिकिटातच मिसळला. टेबले मांडलेला डबा म्हणजे तेवढ्या उतारूंची जागा अडविणे, हा हिशेब व्यवस्थापकांना पटणारा होता. टेबले गेली, स्वयंपाकघर तेवढे उरले. १९९९ साली खानपानासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. १ जून १९३० पासून धावणारी दख्खनची राणी मात्र आपला भोजनाचा डबा अजून सांभाळून आहे. २०२२ साली तिला नवे डबे लाभले, तेव्हाही तो काढला गेला नाही. मुंबई-पुण्याचा उतारू आजही त्यात टेबलाशी बसून, खिडकीतून बोरघाट पाहत, न्याहारी करू शकतो.

जुन्या भोजनाच्या डब्यासाठी उसासे टाकणे आम्हांस रुचत नाही. तो फार काळ थोड्यांचाच होता. आजचे झाकण लावलेले ताट बेचव असेल, भात गार असेल, डाळीत डाळ शोधावी लागत असेल. पण ते मागताना कोणी जात सांगत नाही, आणि पाण्याची बाटली कोणी भरली असे कोणी विचारीत नाही. मसूरच्या वाटेवर निजलेल्या त्या मुलांचे स्मरण ठेवले, म्हणजे ही गोष्ट केवढी मोठी आहे ते कळते.

तथापि एक गोष्ट हरवली, हेही नाकारता येत नाही. आता प्रत्येक जण आपले ताट आपल्याच मांडीवर घेऊन, मान खाली घालून जेवतो. समोरच्या माणसाकडे पाहावे लागत नाही. पेला उचलताना लागलेला वेळ कोणाच्या नजरेस येत नाही. परगावी भाड्याचे घर शोधताना घरमालक आडनावावर थबकतो, हा अनुभव आपल्यापैकी कित्येकांस आहे. कायद्याने पाणी एक केले. ओळख करून घेण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे, आणि त्या कामाला टेबल लागते.

पुढच्या महिन्यात आम्हांस पुन्हा प्रवास आहे. दशम्या सांगून ठेवल्या आहेत. दुधात भिजविलेल्याच, कारण त्या मऊ राहतात. मोजून मात्र नेणार नाही, चार अधिकच नेऊ. समोरच्या बाकावर कोण येईल, ते गाडी सुटल्याखेरीज कसे कळणार?